अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न

विषय जरा चमत्कारिक आहे. "होडीला रंगच द्यायचा ना, त्यात एवढं काय संशोधन?" असं मला गेल्या दोन वर्षांत इतक्या नातेवाइकांनी विचारलंय की प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. पुढच्या लग्नात कुणी विचारलं की लिंक पाठवून मोकळा. :)

पहिली गोष्ट म्हणजे तो रंग नव्हे. फायबरच्या होडीला बाहेरून जो गुळगुळीत, चकचकीत थर असतो त्याला जेलकोट म्हणतात. होडी बांधताना साच्यात सगळ्यात आधी हाच थर मारतात आणि तो अर्धवट आळला की त्याच्या पाठीवर काचतंतूंची मॅट आणि रेझिन बसवत जातात. म्हणजे आपण भिंत बांधून मग रंग देतो, इथे आधी रंग आणि मागून भिंत. त्यामुळे तो होडीशी एकजीव झालेला असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. समुद्र आणि होडी यांच्यामध्ये एवढंच काय ते अंतर.

आता हा उद्योग माझ्या गळ्यात कसा पडला ते सांगतो. माझे मामा मालवणजवळ, कर्लीच्या खाडीकाठी राहायचे. त्यांची वीस फुटी फायबरची होडी होती. २०२१ साली मामा गेले आणि होडी माडाखाली झापांनी शाकारलेली तशीच राहिली. माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, गोव्यात हॉटेलात नोकरीला होता. २०२३ च्या दिवाळीत त्याने ठरवलं की परत यायचं आणि खाडीत जाळं टाकायचं. मामीने आपल्या दोन पाटल्या पतपेढीत गहाण ठेवल्या. त्यातून जुनं पण चांगल्या स्थितीतलं इंजिन आलं. उरलेल्या पैशात होडी पाण्यात जाण्याजोगी करायची होती आणि ते पैसे फार नव्हते. कारागिराला देण्याइतके तर नव्हतेच. काम दोघांनीच करायचं असं ठरलं, आणि मी रसायनशास्त्र शिकलेला म्हणून सामान निवडण्याचं खातं माझ्याकडे आलं. (तीस वर्षांपूर्वीची पदवी, पण आमच्या घरात अजून चालते.)

इथे चूक झाली असती तर ती माझ्या खिशाला नसती लागली, मामीच्या पाटल्यांना लागली असती. म्हणून एवढा कीस काढला.

दादाचं म्हणणं सरळ होतं. बाजारात जे स्वस्त मिळतं ते आणू, दोन हात मारू, पाण्यात सोडू. मी महागातल्या जेलकोटचं नाव काढलं तेव्हा तो म्हणाला, "होडयेक काय लग्नाक जावचा आसा?" मुद्दा बिनतोड होता. खाडीतली होडी चकाकली काय आणि न चकाकली काय, माशांना काय फरक पडतो? म्हणूनच मी चकाकीचा विचार पहिल्याच दिवशी सोडून दिला. कारण नवा जेलकोट कुठलाही असो, घासून पॉलिश केला की पहिल्या दिवशी सारखाच चमकतो. चांगला-वाईट ठरतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि तोही पाण्याखाली, जिथे आपण वाकून बघत नाही तिथे.

पाण्याखाली काय होतं ते जरा सांगायला हवं. पॉलिएस्टर रेझिन पूर्णपणे जलरोधक नसतं. पाण्याचे रेणू हळूहळू त्या थरातून आत झिरपतात. आत रेझिनमधले काही पदार्थ पाण्यात विरघळतात आणि त्यांचा दाट, आंबट द्राव तयार होतो. तो आणखी पाणी ओढून घेतो. दाब वाढतो आणि वर फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. गंमत अशी की हे खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर होतं आणि कोमट पाण्यात आणखी लवकर. खाडीत पावसाळ्यानंतर किती गोडं पाणी उतरतं आणि आपलं हवामान किती उबदार, हे लक्षात घेतलं तर दादाची होडी नेमकी अवघड परीक्षेला बसणार होती.

मामांची त्याआधीची होडी लाकडाची होती. तिला ते दर वर्षी काजूच्या टरफलांचं तेल चोळायचे. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते असलं ते जहाल तेल. फायबरची होडी आली तेव्हा सगळे म्हणाले, आता तेलपाणी संपलं. मामा मात्र म्हणायचे, "लाकूड बोलता, फायबर बोलणा नाय." लाकडाची होडी थोडी झिरपली की लगेच कळतं, तळाशी पाणी दिसतं. फायबर आतल्या आत पाणी पीत राहतं आणि सांगत नाही. मला हे वाक्य तेव्हा मालवणी म्हणींसारखं गोड वाटलं होतं. फोडांची माहिती वाचताना त्याचा अर्थ लागला.

तर जेलकोट कसा निवडायचा? थोडक्यात सांगतो, कारण मला हे सगळं एका जागी मराठीत कुठेच मिळालं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो कशापासून बनवलाय. स्वस्तातला असतो तो ऑर्थोफ्थॅलिक रेझिनचा. दुकानात त्याला नुसतं 'जीपी', म्हणजे जनरल पर्पज, म्हणतात. पाण्याच्या टाक्यांची झाकणं, खुर्च्या, पत्रे यांना तो ठीक आहे. त्याच्या वरचा आयसोफ्थॅलिक, तोंडी भाषेत 'आयसो'. हा पाण्याला जास्त दाद देत नाही. त्याच्याही वरचा आयसो-एनपीजी. यात निओपेंटिल ग्लायकॉल वापरलेलं असतं, त्यामुळे पाणी आणि ऊन दोन्ही तो चांगलं सोसतो. होड्यांसाठी हाच मागावा. आणि व्हिनिल एस्टर म्हणून एक प्रकार आहे, तो पाणी अडवण्यात या सगळ्यांपेक्षा सरस, पण उन्हात पिवळा पडतो, त्यावर खडूसारखी भुकटी धरते. म्हणून तो आतला अडसर म्हणून वापरतात, वरचा थर म्हणून नाही.

दुसरं, डब्यावरची तारीख. जेलकोट हा काही लोणच्यासारखा मुरणारा पदार्थ नाही. सावलीत, थंड जागी ठेवला तरी बहुतेकांचं आयुष्य थोड्याच महिन्यांचं असतं, आणि आपल्याकडे पत्र्याच्या गोदामात मे महिना काढलेला डबा त्याच्याही आधी म्हातारा होतो. एका दुकानदाराने मला तारीख खरवडलेला डबा दाखवून "सगळं एकच असतं साहेब" असं सांगितलं. मी नमस्कार करून निघालो.

तिसरं, रंग कुठे मिसळलाय. कारखान्यात दळून एकजीव केलेला रंगीत जेलकोट घ्यावा. साध्या रेझिनमध्ये पावडर आणि रंगाची पेस्ट घोटून 'जेलकोट' म्हणून देणारेही असतात. भरड भरण जितकं जास्त तितकं पाणी शिरायला सोपं.

चौथं, ते वॅक्सवालं आहे की बिनवॅक्सचं. हे जुन्या होडीवर काम करणाऱ्याला फार महत्त्वाचं. हवेतला ऑक्सिजन जेलकोटच्या पृष्ठभागाला आळू देत नाही, तो चिकटच राहतो. साच्यात हे सोयीचं, कारण हवेकडची ती चिकट बाजू मॅटला धरते. जुन्या होडीवर मात्र चिकट बाजू बाहेर राहणार. म्हणून शेवटच्या हातात थोडं मेण मिसळलेलं असतं. ते वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. पण आधीच्या हातांत मेण असलं तर पुढचा हात त्यावर धरणार नाही, सोलून निघेल. आतले हात बिनवॅक्सचे आणि शेवटचा तेवढा वॅक्सचा.

पाचवं, त्यात कोबाल्ट आधीच घातलंय का? आपल्याकडे बऱ्याचदा रेझिन, ऍक्सिलरेटर म्हणजे कोबाल्ट, आणि हार्डनर म्हणजे एमईकेपी अशा तीन बाटल्या वेगवेगळ्या देतात. ही कोबाल्ट आणि एमईकेपीची जोडी एकमेकांत थेट कधीही मिसळू नये, स्फोट होतो. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. कोबाल्ट आधीच घातलेला जेलकोट मिळत असेल तर तोच घ्यावा, घरगुती माणसाच्या डोक्याला एक ताप कमी. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आणि जेलकोटला जो उग्र गोडसर वास येतो तो स्टायरीनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली ते 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आहे. काम उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच. नाकाला रुमाल बांधून वाफा अडत नाहीत.

एवढं मी दादाला ऐकवलं तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "पण तू म्हणतस ता खरा कशावरसून?" हा प्रश्न मला फार आवडला. डब्यावर 'आयसो' लिहिलं म्हणून आत आयसोच असेल असं थोडंच आहे?

मग आम्ही एक प्रयोग केला. प्रयोगशाळेत जेलकोटचे तुकडे उकळत्या पाण्यात शंभर तास ठेवून पाहण्याची पद्धत आहे. आमच्याकडे मामीची चूल आणि एक जुना टोप होता. फायबरच्या तळहाताएवढ्या पट्ट्या केल्या, त्यांच्यावर तीन दुकानांतून आणलेले तीन नमुने सारख्या जाडीचे लावले, आठवडाभर वाळू दिले. मग अंगणात, घरापासून लांब, टोपात उकळायला ठेवले. चार दिवस, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मामी लांबूनच म्हणाली, "ह्या टोपात आता माका जेवण करूक सांगू नकात हां!" (तो टोप अर्थातच बाद केला.) सगळ्यात स्वस्त जीपीचा तुकडा दुसऱ्या दिवशी निस्तेज झाला आणि चौथ्या दिवशी त्यावर मोहरीएवढे फोड आले. आयसोचा थोडा फिकट पडला. आयसो-एनपीजीच्या तुकड्यावर नुसतं बोट फिरवून फरक सांगता येत नव्हता. दादा काही बोलला नाही. तो फोडांचा तुकडा त्याने खिशात घातला आणि संध्याकाळी वाडीतल्या दोघा-तिघांना दाखवून आला.

तरी पैशाचा प्रश्न होताच. सगळी होडी आतून-बाहेरून एनपीजीने करायची ऐपत नव्हती. मग आम्ही होडीचे भाग पाडले. आधी बघितलं, कुठे नवा जेलकोट लागतोच? वरच्या कडा आणि बाजू पांढुरक्या, भुकटी धरलेल्या दिसत होत्या, पण ओलं करून बारीक पॉलिश पेपर आणि मग कंपाउंड मारल्यावर खालून चांगला रंग निघाला. तिथे नवीन काही लावायची गरजच नव्हती. मला वाटतं घरी काम करणाऱ्याने पहिला डबा विकत घेण्याआधी हे करून बघावं. निम्मं काम तिथेच वाचतं. आतल्या बाजूला साधा रंग पुरला. राहिला तळ, पाण्याखालचा भाग, सुमारे आठ चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला अर्धा लिटर, वजनात सहाशे ग्रॅमच्या आसपास. सांडलवंड धरून सहा किलो. एवढ्याला चांगल्यातला चांगला घेणं परवडत होतं.

"म्हणजे जंय कोणाक दिसणा नाय थंयच पैसे घालूचे?" दादा म्हणाला. हो, नेमकं तेच. व्हिनिल एस्टरचा आतला थर द्यावा का यावरही आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या आणि नको ठरवलं. कारण जूनमध्ये होडी वर ओढली की ती दोन-अडीच महिने कोरडी पडते, बारमाही पाण्यात राहणाऱ्या होडीसारखं तिचं नाही. त्यापेक्षा वाळूवर ओढताना घासणाऱ्या पठाणावर, म्हणजे होडीच्या कण्यावर, मॅटचे दोन जादा थर दिले. जेलकोट कडक असतो पण ठिसूळ. मार सोसण्याचं काम मॅटचं.

प्रत्यक्ष काम २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केलं, मी सुट्ट्या जोडून जात होतो. आधी सॉल्व्हंटने जुनं मेण आणि तेल पुसलं, कारण आधीच घासायला घेतलं तर ते मेण ओरखड्यांत भरून बसतं. जुने फोड खरवडून उघडले, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले आणि तळावर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून उन्हात ठेवला. कागदाच्या आत दव धरलं तर होडी अजून ओली. एका जागी दव दिसलं, तिथे तीन आठवडे थांबलो. मग खड्डे मॅट-रेझिनने भरले, जाड पेपरने घासलं आणि पहाटे साडेसहाला पहिला हात मारला. पहाटे अशासाठी की दुपारच्या उन्हात डब्यातच जेलकोट आळतो. काही लोक तो आळू नये म्हणून हार्डनर कमी घालतात. तसं केलं तर थर कायमचा कच्चा राहतो. आम्ही कंपनीने सांगितलेलं प्रमाण पाळलं, अर्ध्या किलोला साडेसात ग्रॅम, सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून. आणि एका वेळी अर्ध्या किलोच्या वर कालवलं नाही. पातळ करायला ऍसिटोन अजिबात घातलं नाही. मात्र आठवड्यानंतर ऍसिटोनचं फडकं फिरवून बघितलं. थर चिकट झाला असता तर कच्चा राहिलाय असं कळलं असतं. नाही झाला.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या पुष्कळ होड्या घाईने बांधून वाटल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशांच्या दर्जाबद्दल एफएओसारख्या संस्थांनी काळजी व्यक्त केली होती. ते वाचताना मला सारखं वाटत होतं की त्या होड्याही पहिल्या दिवशी छानच दिसत असणार. हार घातलेल्या, फोटो काढलेल्या. गरजू माणसाला स्वस्त वस्तू देताना आपण बहुतेक वेळा तिचा दिसणारा भाग जपतो आणि न दिसणाऱ्यात काटकसर करतो. आणि त्याचं मोल तो माणूस नंतर एकटा चुकवतो, आपण तिथे नसतो.

असो. फार गंभीर झालो.

होडी २०२४ च्या नारळी पौर्णिमेला पाण्यात गेली. २०२५ च्या जूनमध्ये वर ओढली तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. दादाने टॉर्च घेतला, आम्ही दोघे उताणे पडून इंचाइंचाने तळ बघत गेलो. शेवाळ होतं, शिंपले चिकटले होते (ते जेलकोटने थांबत नाहीत, त्याचा रंग वेगळा असतो), पठाणाजवळ एक लांब ओरखडा होता. फोड एकही नव्हता. एका वर्षावरून निकाल सांगू नये हे मला कळतं. खरं उत्तर आणखी चार-पाच पावसाळ्यांनी मिळेल. ओरखडा दादाने स्वतःच भरला. उरलेला डबा त्याने वापरला नाही. तारीख उलटून गेली होती म्हणून नवा छोटा डबा मागवला, आणि तो मागवताना फोनवर दुकानदाराला विचारत होता, "आयसो नको, एनपीजी आसा काय? आणि तारीख कधीची?"

मामीची एक पाटली सुटली आहे. दुसरी अजून पतपेढीत आहे.